दाणा सुधारेल, माप कोण सुधारणार?

कार्यकर्त्यांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. प्रयोगशाळेत धान्याच्या जनुकांत फेरफार करून कोंबड्या-जनावरांना अधिक पचेल, अधिक अंगी लागेल असा दाणा तयार होतो आहे, असे ऐकतो. हे खरे आहे काय? खरे असेल तर आपण त्याच्या बाजूचे की विरुद्ध? आणि आपल्या ज्वारी-मक्याला त्यातून चार पैसे जास्त मिळतील काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: होय, खरे आहे. दुसऱ्याचेही अवघड नाही. शेतकरी चळवळीने तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची बाजू कधी सोडलेली नाही, आजही सोडण्याचे कारण नाही. खरी गोम तिसऱ्या प्रश्नात आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, बाजार समितीच्या काट्यावर मिळते. या अंकात त्याचीच मांडणी करीत आहोत. जिल्हा बैठकीत त्यावर चर्चा व्हावी आणि ठराव व्हावेत.

दाण्यात उणे काय आहे?

आपल्या ओळखीचे पीक घेऊ: ज्वारी. क्विंटलभर ज्वारीत साधारण दहा किलो प्रथिने असतात. कागदावर हा आकडा मक्यापेक्षा कमी नाही. पण त्यातील बहुतेक भाग कॅफिरीन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यात दोन दोष आहेत. पहिला, त्यात लायसीन जवळजवळ नाही. प्राण्याच्या शरीराला मांस, अंडे, दूध बनवायला जी घटकद्रव्ये बाहेरूनच घ्यावी लागतात, त्यांपैकी लायसीन हे एक. धान्यात सर्वांत आधी कमी पडते ते हेच. दुसरा दोष, कॅफिरीन दाण्यात बारीक गोळ्यांच्या रूपात साठलेले असते. गोळ्याच्या आत पचायला त्यातल्या त्यात बरा भाग आणि बाहेरून चिवट कवच. पाचकरस आत शिरत नाहीत. ओली उष्णता दिली की हे कवच आणखी घट्ट होते. म्हणजे शिजवलेल्या ज्वारीचे प्रथिन कच्चीपेक्षा कमी पचते. प्रथिन पोटात जाते आणि बरेचसे शेणात बाहेर पडते.

तिसरी गोष्ट स्फुरदाची. धान्यातला सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. गायी-म्हशींच्या कोठीपोटातले जिवाणू तो सोडवून घेतात. कोंबडीला ते साधत नाही. म्हणून कोंबडीखाद्याचा कारखानदार बाहेरून खनिज स्फुरद घालतो किंवा फायटेज हे विकर घालतो. दाण्यातला स्फुरद विष्ठेतून निघून जातो. आपण जमिनीत घातलेल्या खताचा स्फुरद दाण्यात गेला, दाण्यातून कोंबडीत गेला आणि कोंबडीला न लागता बाहेर पडला, असा हा प्रवास.

कोंबडीपालनाच्या खर्चात दोन तृतीयांशाच्या आसपास खर्च खाद्याचा असतो. दाण्यातली ही उणीव भरून काढण्यासाठी सोयाबीनची पेंड, कृत्रिम लायसीन आणि फायटेज विकत घेतले जाते. म्हणजे दाणा मुळातच सुधारला तर कोणाचे तरी पैसे वाचतात. कोणाचे, हे पुढे पाहू.

ही धडपड आजची नाही

दाण्याची प्रत सुधारण्याचा प्रयत्न साठ वर्षांचा आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने मक्यातील ओपेक-२ या जनुकाचा गुण दाखवून दिला: लायसीन भरपूर. जगभर गाजावाजा झाला. शेतात मात्र तो मका मऊ निघाला, उत्पादन कमी, कणगीत किडा लवकर. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन केंद्रात सुरिंदर वसल आणि एव्हांजेलिना विलेगास यांनी पुढची अनेक वर्षे खर्चून त्यातून टणक दाण्याचा मका तयार केला. २००० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतातही अशा मक्याची संकरित वाणे आली.

ज्वारीतही तसेच घडले. १९७३ मध्ये इथिओपियातील दोन वाणांत लायसीन जास्त आढळले, पण दाणा सुरकुतलेला. पुढे रसायन वापरून म्यूटंट काढले. लायसीन वाढले, पचनही सुधारले, पण दाणा पिठूळ. गुण आला की त्याच्या शेपटीला दोष बांधलेला. शेतकऱ्याने दोष पाहिला आणि वाण नाकारले. त्याचे काहीच चुकले नाही.

नव्या तंत्राचा फरक असा. पूर्वी रसायन किंवा किरणे वापरून हजारो ठिकाणी आंधळेपणी फरक होत आणि त्यातून हवा तो शोधावा लागे. जनुक-संपादनात नेमक्या जागी कात्री चालवता येते. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी जिवाणूंमधील क्रिस्पर यंत्रणा अशी कात्री म्हणून वापरता येते हे दाखवले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. कात्रीने जनुक कापले की पेशी स्वतःच ते सांधते आणि सांधताना दोन-चार अक्षरे गळतात. ते जनुक बंद पडते. कात्री नंतरच्या पिढ्यांत निवड करून काढून टाकता येते. बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचे जनुक कायमचे बसवलेले असते. इथे बाहेरचे काही शिल्लक राहत नाही, वाणाचे स्वतःचेच एक जनुक गप्प बसवलेले असते.

२०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ही कात्री ज्वारीच्या आल्फा-कॅफिरीनवर चालवली. एकाच कुळातील अनेक जनुके एकदम बदलायची होती. २६ पैकी २५ प्रयोगांत बदल साधला आणि निवडक ओळींत प्रथिनाचे पचन व लायसीन दोन्ही वाढले. कॅफिरीन कमी झाले की दाणा ती जागा लायसीन असलेल्या दुसऱ्या प्रथिनांनी भरतो, हे त्यामागचे साधे गणित. त्याआधी २००९ मध्ये याच धर्तीच्या जुन्या कात्रीने मक्यातले फायटेट कमी केल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता.

पण विज्ञान म्हणजे जादू नव्हे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या शास्त्रज्ञांनी ज्वारीतील बीटा-कॅफिरीनचे जनुक बंद केले, तेव्हा नैसर्गिक म्यूटंटमध्ये दिसणारे दाण्याचे गुण त्यात तसेच उतरले नाहीत. त्या शास्त्रज्ञांनी तसे प्रामाणिकपणे छापले. प्रयोगशाळेतले यश म्हणजे शेतातले वाण, असे कोणी सांगू लागला तर त्याला हे उदाहरण दाखवावे.

आपल्या शिवाराचे चार प्रश्न

हे वाण उद्या आपल्याकडे आले तर त्याला चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला, बुरशीचा. खरिपाची ज्वारी कणसात भरते आणि परतीचा पाऊस गाठतो. दाणा काळा पडतो आणि निम्म्या भावात जातो. मऊ, पिठूळ दाण्यात बुरशी लवकर शिरते. पचायला सोपा दाणा बुरशीलाही सोपा, असे झाले तर कोंबडीपर्यंत पोचण्याआधीच त्याची माती होईल. बुरशीचे विष खाद्यात गेले तर आणखी वाईट.

दुसरा, उगवणीचा. फायटेट ही रोपाची शिदोरी आहे. उगवताना लागणारा स्फुरद तिथूनच येतो. ती कमी केलेल्या वाणांत उगवण आणि उत्पादन घटल्याचे पूर्वी दिसलेले आहे. दुबार पेरणीचा खर्च शास्त्रज्ञ भरत नाही.

तिसरा, कडब्याचा. आपला शेतकरी ज्वारी केवळ दाण्यासाठी करीत नाही. मोहोळच्या केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षे टिकली ती दाणा आणि कडबा या दोन्हींसाठी. कोंबडीच्या दाण्यापायी बैलाची वैरण गेली तर तो सौदा आतबट्ट्याचा.

चौथा, भाकरीचा. या वाणाचे पीठ मळता येते का, भाकरी थापता येते का, हे घरातल्या बाईने सांगितल्याशिवाय चाचणी पुरी झाली असे आम्ही मानणार नाही. पचनाचा गुण माणसालाही तितकाच हवा आहे. ज्वारी खाणाऱ्या घरातल्या पोराच्या अंगी प्रथिन लागले तर कोंबडीच्या आधी त्याचे स्वागत करू.

आता हिशेब

समजा, या चारही परीक्षा वाण उत्तीर्ण झाले. शेतकऱ्याला काय मिळेल?

क्विंटलभर ज्वारीत दहा किलो प्रथिन आणि त्यात दोन टक्के लायसीन धरले तर ते २०० ग्रॅम होते. नव्या वाणात ते तीन टक्के झाले असे धरू: ३०० ग्रॅम. वाढ १०० ग्रॅमची. लायसीनचा भाव किलोला २०० रुपये धरला तर क्विंटलमागे वाढलेली किंमत २० रुपये. चांगल्या पचनामुळे पेंड कमी लागते, त्याचे मिळून एकूण १०० रुपये झाले असे मोठ्या मनाने धरू.

दुसऱ्या पारड्यात उत्पादन. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरला. बाजारात तो मिळतोच असे नाही, पण हिशेबाला धरू. नव्या वाणाचे उत्पादन पाच टक्क्यांनी घटले तर क्विंटलमागे १८५ रुपये गेले. म्हणजे शंभर रुपयांचा सगळा फायदा शेतकऱ्याच्या हातात पडला तरीही अडीच टक्क्यांहून जास्त घट परवडत नाही. निम्माच फायदा मिळाला तर सव्वा टक्का घटही पुष्कळ झाली. आणि काहीच मिळाले नाही तर? तर शेतकऱ्याने हे वाण फुकट का पेरावे?

हे आकडे मुद्दाम सोपे धरलेले आहेत. बैठकीत आपल्या भागाचे भाव घालून पुन्हा मांडावेत. उत्तर फारसे बदलणार नाही: दाण्याच्या प्रतीला वेगळा भाव नसेल तर प्रतवारीचा सारा लाभ खाद्य बनवणाऱ्याचा आणि जोखीम पेरणाऱ्याची.

आणि आज वेगळा भाव नाही. हमीभावाच्या खरेदीत ओलावा पाहतात, काडीकचरा पाहतात, किडका-फुटका दाणा पाहतात. आडतीवर मूठभर दाणे हातात घेऊन दाताखाली एक फोडून भाव ठरतो. लायसीन दाताला कळत नाही. सरकारच्या भावपत्रकात प्रतीचा फरक एकच आहे: २०२५-२६ ला मालदांडीचा भाव ३,७४९, संकरितचा ३,६९९. सगळ्या गुणांची किंमत क्विंटलला ५० रुपये! प्रथिनाच्या मक्याचे हेच झाले. दिसायला साधाच दाणा; ढिगात मिसळला की फरक संपला. शास्त्रज्ञांनी तीस-पस्तीस वर्षांत जे कमावले ते मापात मोजलेच गेले नाही.

मोजता येत नाही म्हणावे, तर तेही खोटे. मोठ्या खाद्य कारखान्यांच्या दारात आज प्रकाशकिरणांनी दाणा तपासणारी यंत्रे आहेत. ओलावा, प्रथिन, तेल यांचे आकडे मिनिटाभरात पडद्यावर येतात. माल कोणता घ्यायचा आणि खाद्यात काय किती मिसळायचे, हे त्यावर ठरते. म्हणजे घेणाऱ्याला दाण्याची प्रत ठाऊक आहे, विकणाऱ्याला नाही. आमचा दाणा, आणि त्यात काय आहे हे आम्हालाच ठाऊक नाही, ही स्थिती बदलल्याशिवाय जनुके बदलून शेतकऱ्याच्या घरात काही येणार नाही.

दुधाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ लागते आणि त्यावर दर ठरतो. त्यात फॅट मारली जाते, यंत्र हवे तसे लावले जाते, हे गावोगाव ठाऊक आहे. पण मोजमाप आहे म्हणून चोरी पकडता येते, भांडता येते. धान्यात तर मोजमापच नाही, मग भांडायचे कशावर?

पेंडीचे दुसरे टोक

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्वारी-मक्याचे प्रथिन अधिक पचू लागले की सोयाबीनची पेंड कमी लागणार. मराठवाडा-विदर्भात खरीप ज्वारीची जागा सोयाबीननेच घेतली. राज्यात आज सोयाबीन ५० लाख हेक्टरच्या आसपास आहे. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा बाजारात स्वस्त आला, तेव्हा पेंडीची मागणी आणि तिच्यामागे सोयाबीनचा भाव कसा ढासळला, हे आपण अलीकडेच भोगले आहे. ज्वारीवाला आणि सोयाबीनवाला हे दोन शेतकरी नव्हेत. एकाच सातबाऱ्यावरचा तो एकच माणूस आहे. म्हणून नवे तंत्र अडवा, असे आम्ही म्हणत नाही. कोणाचे तरी पीक मागे पडते म्हणून तंत्र अडवले असते तर नांगरही आला नसता. आमचे म्हणणे एवढेच, की पीक बदलण्याची मोकळीक, निर्यातीची मोकळीक आणि प्रक्रियेची मोकळीक शेतकऱ्याला असली पाहिजे. एक दार तंत्रज्ञान बंद करते, तेव्हा दुसरे दार सरकारने कुलूप लावून ठेवलेले नसावे.

आणि सरकारचा इतिहास कुलुपांचाच आहे. २००१ मध्ये गुजरातेत बीटी कापूस उभा दिसला तेव्हा तो जाळण्याचे फर्मान निघाले. शरद जोशींसह शेतकरी चळवळ पिकाच्या बाजूने उभी राहिली आणि मार्च २००२ मध्ये परवानगी आली. २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी उघडपणे बंदीचे बियाणे पेरून सत्याग्रह केला. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये याच सरकारने कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जनुक-बदल सोयापेंड आयात करण्याची वाट मोकळी केली. परदेशी शेतकऱ्याने तेच बियाणे पेरले तर त्याची पेंड आमच्या कोंबडीला चालते. आमच्या शेतकऱ्याने पेरले तर गुन्हा. या न्यायाला काय म्हणावे?

जनुक-संपादनाबाबत सरकारने थोडे शहाणपण दाखवले, हे मान्य केले पाहिजे. ३० मार्च २०२२ च्या आदेशाने, बाहेरचे जनुक नसलेल्या संपादित वाणांना १९८९ च्या नियमांतील किचकट अटींतून सूट मिळाली. ४ मे २०२५ रोजी भाताची दोन संपादित वाणे, कमला आणि पुसा डीएसटी राइस-१, जाहीर झाली. दोन्ही सरकारी संस्थांची आहेत. वाट मोकळी झाली आहे. पण ती एका कार्यालयीन आदेशावर उभी आहे. आदेश एका सहीने येतो तसा एका सहीने जातो.

आणि कात्रीचे पेटंट परदेशी विद्यापीठे व संस्थांच्या हाती आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे रोप आणि बियाणे यांवर पेटंट मिळत नाही, आणि २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. तरीही कात्री कोणत्या अटींवर घेतली, हे संशोधन संस्थांनी उघड केले नाही तर त्या अटी उद्या बियाण्याच्या पिशवीवर किंमत होऊन बसतील. शिवाय असा गुण संकरित वाणात टिकवायचा तर बहुधा नर-मादी दोन्ही वाणांत तो असावा लागतो. मग दरवर्षी बियाणे विकत घेणे आले. सरकारी पैशाने होणारे काम आधी सरळ वाणांत झाले पाहिजे.

जिल्हा बैठकीपुढे ठराव

१) जनुक-संपादित बियाणे पेरण्याचे स्वातंत्र्य कार्यालयीन आदेशावर नव्हे, कायद्यावर उभे राहावे. पेरायचे की नाही, हे शेतकरी ठरवील.

२) खाद्यासाठी सुधारलेल्या प्रत्येक वाणाच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या रानात, पाऊसमानाच्या वेगवेगळ्या भागांत व्हाव्यात. बुरशी, उगवण, कडबा आणि भाकरी यांचे निकाल मराठीत छापावेत. फसलेले प्रयोगही छापावेत.

३) प्रत्येक मोठ्या बाजार समितीत आणि मागणी करणाऱ्या शेतकरी कंपनीत दाणा तपासणीचे यंत्र बसवावे. तपासणीची चिठ्ठी विकणाऱ्याच्या हातात आधी पडावी, लिलाव नंतर व्हावा.

४) प्रथिन व पचनाच्या प्रतीप्रमाणे भावाचे कोष्टक खाद्य कारखान्यांनी हंगामापूर्वी जाहीर करावे. कोष्टक नाही तर खाद्याचे वाण नाही.

५) सरकारी संस्थांनी कात्रीच्या परवान्याच्या अटी जाहीर कराव्यात आणि घरचे बियाणे राखता येईल अशी सरळ वाणे आधी द्यावीत.

६) जे तंत्र आमच्या रानात बंद आहे त्याचा माल आयात करून आमचे भाव पाडू नयेत. निर्यातबंदी आणि साठ्यावरची बंधने उठवावीत.

यांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या ठरावासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. शे-दोनशे शेतकरी एकत्र आले, एकाच वाणाची ज्वारी पेरली, ढीग वेगळा ठेवला आणि तपासणीची चिठ्ठी घेऊन कारखान्याच्या दारात उभे राहिले तर बोलणी सुरू होतात. सुट्ट्या पोत्याला प्रत नसते, एकत्र ढिगाला असते. हे काम नव्या वाणाची वाट न पाहता आजच्या ज्वारीवर, आजच्या मक्यावर याच हंगामात करता येईल. कोणत्या तालुक्यात सुरुवात करायची, तपासणी कोठे करून घ्यायची आणि ढीग कोणाच्या खळ्यावर लावायचा, एवढे बैठकीतून ठरवून उठावे. संपादित दाणा येईल तेव्हा येईल. तो येण्याआधी दाण्याची प्रत मोजण्याचा हक्क आपल्या हातात आला नसेल, तर घामाचे दाम यावेळीही दुसऱ्याच्याच खिशात जातील.